टिपूच्या वारसांची बाग आणि टॉलीचं गोल्फ

मंडळी, 1785 साली टिपूची फौज आपल्या बेळगाव-धारवाडकडच्या नरगुंद-किट्टूरवर चालून आली, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याच टिपूच्या वारसांच्या बागेत आज गोल्फ खेळतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

4 मे 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं. टिपूच्या मुलांना इंग्रजांनी वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवलं. 1806 च्या जुलैत तिथं शिपायांनी बंड केलं आणि टिपूचा झेंडा फडकावला. मग मात्र ही पोरं दक्षिणेत नकोच, असं कंपनीनं ठरवलं. रवानगी थेट कोलकात्याला. शहराच्या दक्षिणेला टॉलीगंज. कर्नल टॉलीनं तिथला गाळानं भरलेला जुना गंगाप्रवाह खणून कालवा काढला, म्हणून हे नाव. तिथं जॉन्सन नावाच्या इंग्रज कुटुंबाची मोठी बाग होती, आत बंगला. ती पुढं टिपूच्या घराण्याकडे आली. 1895 साली तिथं टॉलीगंज क्लब निघाला. सुरुवातीला सगळा भर घोड्यांवर, गोल्फ हळूहळू रुजलं. जुना बंगला क्लबहाऊस झाला.

आता खरा प्रश्न. टॉलीगंजात आज मेट्रो आहे, सिनेमाचे स्टुडिओ आहेत, इमारतीला इमारत चिकटलेली आहे. मग एवढी जागा प्लॉट न पडता राहिली कशी? क्लबवाले स्वतःकडे श्रेय घेतात, थोडं द्यायलाही हरकत नाही. पण माझ्या मते मोठं कारण कागदात आहे. टिपूचे चिरंजीव गुलाम मोहम्मद, ज्यांनी धर्मतल्ल्याची टिपू सुलतान मशीद 1842 मध्ये बांधली, त्यांनी आपल्या मिळकतीचा वक्फ केला. देवस्थान इनामाच्या जमिनीसारखंच हे. भाड्यानं द्या, पण परस्पर विकायची सोय नाही. क्लब तिथं भाडेकरू.

जमीन सलग राहिली म्हणून तिथं अजून कोल्हे आहेत. भर शहरात, हिरवळीवरून आरामात फिरतात. हसू नका, 2022 च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. शिमोग्याकडून हत्ती आणले, तरी पठ्ठ्या वनखात्याच्या हाती लागला नाही. त्याला लपायला झाडी मिळाली, कारण तिथंही प्लॉट पडले नव्हते.

कोलकात्याच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. जागा वाचली, वारस वाचले नाहीत. टिपूच्या वंशातली काही माणसं त्याच शहरात रिक्षा ओढून पोट भरत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. वक्फाच्या जागेचं भाडं फारच किरकोळ, अशी तक्रारही जुनीच. हिरवळ राखायला पैसा लागतो, मान्य. पण बाजारभावाच्या जवळ जाणारं भाडं द्यायला कोलकात्यातल्या बड्या सभासदांना काय जड आहे, हे विचारायला नको का?