रस्त्या, तुझ्यावरून कोण जातं?

मंडळी, नागपुरात सायकलसाठी रस्ते कसे शोधायचे ते आज सांगतो, आणि सुरुवात झिरो माइलपासूनच करतो. तो खांब आणि ते चार घोडे इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेत. खांबावर गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. हैदराबाद 318, जबलपूर 170, छिंदवाडा 83. बदली होऊन नागपुरात आलो तेव्हा पहिल्याच रविवारी सायकल घेऊन मी तिथे गेलो आणि मला वाटलं, चला, रस्ते सापडले. या शहरातून रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पडतात. वर्धा रोड, अमरावती रोड, काटोल रोड, कोराडी रोड, कामठी रोड, भंडारा रोड, उमरेड रोड. दर रविवारी एक आरा धरायचा आणि सुटायचं.

दुसऱ्या रविवारी उमरेड रोड धरला. दिघोरी मागे पडल्यावर थोड्या वेळाने पाठीमागून डंपर आला. त्याला जागा द्यायला मी डांबरावरून खाली उतरलो. कड चार बोटं उंच होती आणि खाली सुटी गिट्टी. पडलो. कोपर आणि गुडघा सोलून निघाला. बाजूच्या टपरीवरच्या काकांनी जखमेवर पाणी ओतलं आणि म्हणाले, “कायले येता भाऊ सायकल घेऊन या रोडनं? कोळशाच्या गाड्या रातंदिवस चालतेत इथं.”

उमरेडला कोळशाच्या खाणी आहेत हे मला शाळेपासून माहीत होतं. खाण आहे म्हणजे कोळसा कुठेतरी जाणार, आणि तो याच रस्त्याने जाणार, एवढा साधा विचार मी निघण्याआधी केला नव्हता. मी नकाशात फक्त रस्त्याची रुंदी पाहिली होती. त्या दिवसापासून नवीन रस्ता दिसला की मी त्याला आधी एकच प्रश्न विचारतो: तुझ्यावरून कोण जातं, आणि कशासाठी? आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या प्रश्नात आहे.

हाच प्रश्न नागपूरच्या बाकीच्या रस्त्यांना विचारा. कोराडीला आणि खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रं आहेत, म्हणजे तिकडेही कोळसा, आणि राखही. अमरावती रोडला वाडीत ट्रान्सपोर्टची गोदामं. वर्धा रोडला बुटीबोरीची एमआयडीसी, हिंगणा रोडला हिंगण्याची. तिथे पाळी सुटायच्या आणि भरायच्या वेळी बसची रांग लागते. काटोल, नरखेड, कळमेश्वर हा संत्र्याचा पट्टा, त्यामुळे तोडणीच्या दिवसांत काटोल रोडवर भरलेल्या गाड्या वाढतात आणि एरवी तोच रस्ता बराच निवांत असतो. शहरात नवीन आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? नकाशा सांगत नाही. टपरीवाला सांगतो, पंचरवाला सांगतो, दूधवाला सांगतो. त्यांना “रस्ता चांगला आहे का?” असं मात्र विचारू नका. “एकदम मस्त हाय” हे उत्तर ठरलेलं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मोटारसायकल असते. “सकाळी सहा वाजता इथून काय काय जातं?” असं विचारा. दहा मिनिटं बोलतील.

मग रस्ते शोधायचे कुठे? दोन आऱ्यांच्या मधे. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारे, गावागावांतून वळत जाणारे छोटे रस्ते. उपग्रहाच्या चित्रात ते शेतांमधून जाणाऱ्या बारीक रेघेसारखे दिसतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे मैलाचा दगड. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, आणि केशरी असेल तर ग्रामसडक. केशरी दगड दिसला की मला आजही बरं वाटतं. ही प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली, आणि माझ्यासारख्या सायकलवाल्यांवर तिचे फार उपकार आहेत.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. यातला नेहमीचा रस्ता 3.75 मीटर रुंद असतो. ट्रक अडीच मीटर धरा. उरलं सव्वा मीटर, आणि त्यात तुमचं हँडल, तुमचा खांदा, रस्त्यातला खड्डा. म्हणजे हा रस्ता सुखाचा आहे तो केवळ त्यावर ट्रक नाही म्हणून. त्या बाजूला एखादी गिट्टीखदान सुरू झाली की तोच रस्ता उमरेड रोडपेक्षा वाईट. मागच्या वर्षी छान होता, यावरून या वर्षीचं काहीच ठरत नाही. पुन्हा विचारायचं.

फोनवरच्या साधनांबद्दल थोडक्यात. गूगल मॅप्समध्ये आपल्याकडे दुचाकीचा पर्याय 2017 च्या अखेरीस आला, पण तो मोटारसायकलसाठी आहे. तो तुम्हाला खुशाल उड्डाणपुलावर चढवेल. सायकलच्या फेऱ्यांची नोंद ठेवणारं स्ट्राव्हा नावाचं अ‍ॅप आहे, त्याचा हीटमॅप उपयोगाचा आहे. लोक जिथे जास्त जातात ती रेघ उजळ दिसते. पण ती कोणत्या वेळी उजळली ते कळत नाही. पहाटे पाचला पन्नास जण गेलेला रस्ता सकाळी नऊला जीवघेणा असू शकतो. समृद्धी महामार्गाचा विचारही नको, तिथे मोटारसायकललाही प्रवेश नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. नागपूर सपाट आहे असं सगळे म्हणतात. पूर्वेचं नागपूर सपाट आहे. दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड पश्चिमेकडून येतो आणि साधारण या शहराच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. म्हणून काटोल, अमरावती, हिंगणा या बाजूला जमीन लाटांसारखी वरखाली होते, आणि भंडाऱ्याकडे गेलात की धानाची बांधी, तलाव, आणि सरळसोट रस्ता. पाय तयार करायचे तर पश्चिमेला जा. नुसतं अंतर कापायचं असेल तर पूर्वेला. हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यातला शहराचा नकाशाच बदलला.

पश्चिमेला जाण्याचं आणखी एक कारण आहे. सकाळी जाताना सूर्य पाठीशी असतो, मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत ऊन जात नाही, आणि त्याला तुम्ही स्पष्ट दिसता. परत येईपर्यंत सूर्य वर आलेला असतो. मे महिन्यात साडेपाचलाच उजाडतं आणि पारा 45 च्या पुढे जाऊ शकतो. तेव्हा आठच्या आत घरी. यात मी कुणाचं ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

पहिल्या महिन्यात शहराबाहेर जाऊच नये असं माझं मत आहे. फुटाळ्यावरून टीव्ही टॉवरकडे चढा, सेमिनरी हिल्स, जपानी गार्डन, मग सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून परत. छोटी फेरी आहे, हवी तितक्या वेळा मारा. इथेच तुम्हाला आपले सिमेंटचे रस्तेही कळतील. दोन पट्ट्यांमधला उभा सांधा रोड बाइकच्या 25 मिलिमीटरच्या टायरला धरून ठेवतो. सांधा तिरका ओलांडा, त्याच्या बरोबरीने चालवू नका. कडेचे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, पावसात निसरडे होतात. बाहेर काळ्या मातीवरचं डांबर उन्हाळ्यात चिरतं आणि पावसाळ्यात खचतं, आणि बाभळीच्या काट्यांबद्दल मी काय सांगू? दोन ट्यूब जवळ ठेवा.

त्यानंतर माझी आवडती वाट. गोरेवाड्यावरून काटोल रोडने फेटरी, कळमेश्वर, तिथून धापेवाडा. चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचं देऊळ आहे, विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला. पुढे थोड्याच अंतरावर अदासा, टेकडीवर गणपती. एका बाजूने 40 किलोमीटरच्या आसपास. पण पंचांग बघून निघा. चतुर्थीला अदाशाला गर्दी, आषाढीला धापेवाड्याला, नवरात्रात कोराडीला, त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा शहरात येणारा प्रत्येक रस्ता त्यांचा असतो, आणि तो त्यांचाच असायला हवा. त्या दिवशी सायकल घरी.

मघाशी एका ताईंनी विचारलं, मी मिहानकडे राहते, वर्धा रोड ओलांडल्याशिवाय मला कुठेच जाता येत नाही, मी काय करू? ताई, नागपूरच्या मेट्रोत सायकल नेता येते. खापरीला चढा, सीताबर्डीला गाडी बदला, लोकमान्य नगरला उतरा. रविवारी हिंगण्याच्या कारखान्यांची वर्दळ कमी असते. तिथून मोहगाव झिल्पीच्या तलावाची दिशा धरा. स्टेशनबाहेर चहा घ्या, आणि चहावाल्यालाच विचारा, आज इकडून काय काय चाललंय.