कार्डाचा नंबर कोणी दाबायचा?

(वरुड येथे दुकानदारांपुढे दिलेल्या व्याख्यानातून, थोडे संपादन करून)

मघाशी चहाच्या वेळी एका भाऊंनी विचारलं, "गिऱ्हाईक बाहेरगावी आहे, फोनवर कार्डाचा नंबर सांगते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तो हातानं टाकून पैसे घेता येतात ना?" येतात. बँक ती सोय सरसकट देत नाही, मागून घ्यावी लागते. मी मागून घेतली होती.

माझं मोटारपंपाचं दुकान. आपल्या वरुड-मोर्शीत बोअर किती खोल गेले ते तुम्हाला काय सांगू? एप्रिलचा महिना, संत्र्याला पाणी पुरेना, आणि एका काकाजींची मोटर जळाली. पोरगा अमेरिकेत. त्याचा फोन आला, "भाऊ, बाबांना आजच मोटर द्या, पैसे माझ्या कार्डातून घ्या." त्यानं सोळा आकडे सांगितले, मी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले. मुदत लिहिली, कार्डामागचे तीन आकडेही लिहिले. सॉफ्टवेअरमध्ये टाकले, ३८,००० मंजूर. संध्याकाळी मोटर बोअरात उतरली. दोन महिन्यांनी बँकेनं तेच ३८,००० माझ्या खात्यातून काढून घेतले. कार्डधारक म्हणतो, असा व्यवहार मी केलाच नाही!

पोरगा लबाड निघाला, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. त्याच्याकडे येतोच.

यंत्रात कार्ड घातलं की चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करून बँकेला पाठवते. वरून गिऱ्हाईक स्वतः पिन दाबते. कार्ड हजर, माणूस हजर, दोन साक्षी झाल्या. हातानं टाकलेल्या नंबराला साक्षीदार कोण? तो तर कार्डावर छापलेलाच आहे, ज्यानं कार्ड पाहिलं त्याला ठाऊक. म्हणून वाद निघाला की निस्तरायचं दुकानदारानं. आपल्या देशातल्या कार्डांना ऑनलाइन खरेदीत रिझर्व्ह बँकेनं २००९ पासून जादा पडताळणी सक्तीची केली; आज आपल्याला ती ओटीपी म्हणून माहीत आहे. परदेशी बँकेच्या कार्डाला ती अट नाही. माझे पैसे त्याच फटीतून गेले.

नंबर दाबताना चुकला तर काय, ही भीती मात्र फारशी बाळगू नका. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली पेटंटसाठी दाखल केलेली एक युक्ती त्यात आहे. उजवीकडून दुसऱ्या आकड्यापासून एकाआड एक आकडे दुप्पट करायचे, दोन अंकी आले तर त्यांचे अंक मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज. तिला दहानं भाग गेला पाहिजे. एक आकडा चुकला की पकडते. शेजारचे दोन उलटे पडले तरी पकडते, फक्त ०९ चं ९० झालं तर नाही. मास्तर बसले आहेत इथं, त्यांनी घरी करून पाहावं. पण रकमेवर असा पहारा नाही. बऱ्याच यंत्रांत पैसेही दाबावे लागतात; १४५० दाबलं की १४ रुपये ५० पैसे. जूनच्या बियाण्याच्या गर्दीत आमच्या शेजारच्या कृषी केंद्रात हेच झालं, आणि रुपये-पैशांमधला तो ठिपका संध्याकाळी हिशेबाच्या वेळी दिसला.

मग फोनवरच्या गिऱ्हाइकाचं काय करायचं? पेमेंट लिंक पाठवा. रक्कम आणि बिल नंबर आपण टाकायचा, कार्डाचा नंबर त्यानं त्याच्या बोटानं. ओटीपीही तोच टाकेल, फोनवर विचारायचा नाही. लाइन गेली, नेटवर्क नाही, आता लिहून ठेवतो अन् रात्री टाकतो, हे तर करूच नका बाप्पा. व्यवहार मंजूर झाल्यावर मागचे तीन आकडे जवळ ठेवायला कार्ड कंपन्यांच्या नियमांत बंदी आहे, आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा पूर्ण नंबरही साठवता येत नाही. माझं ते बिलबुक महिनाभर गल्ल्यावर उघडं पडलं होतं. हमाल, चहावाला, मेकॅनिक, सगळ्यांचे हात लागले त्याला.

वहीतली नोंदही हातानंच होते, तिथं एक घोळ नेहमीचा. क्रेडिट कार्डावर १०,००० ची विक्री. कमिशन दोन टक्के धरा, २०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३६ रुपये. खात्यात आले ९,७६४. आपला माणूस बँकेचा मेसेज पाहून विक्री ९,७६४ लिहितो. विक्री १०,०००च लिहायची, २३६ वेगळे दाखवायचे. नाहीतर बिलं आणि वही जुळत नाही.

आता तो पोरगा. काकाजींनीच त्याला फोन लावून दिला. त्यानं महिन्याचं स्टेटमेंट पाहिलं, तर त्यात दुकानाच्या पाटीवरचं नाव कुठंच नाही. बँकेत नोंद आमच्या आजोबांच्या फर्मच्या नावानं. त्याला वाटलं, कोणीतरी कार्ड वापरलं, म्हणून त्यानं तक्रार केली. खुलासा झाल्यावर चार दिवसांत बिचाऱ्यानं ३८,००० पाठवले, वरून माफी मागितली.

पावतीवर अजून आजोबांचंच नाव येते. बदलायचा अर्ज दिला आहे.