पुडीतलं भस्म आणि शिरेतला सोमल

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या श्रावणात कागलकडची माझी मावशी घरी आली. कमरेच्या बटव्यातून तिनं वर्तमानपत्राची पुडी काढली. आत करड्या रंगाचं भस्म. छातीतली गाठ यानं विरघळते, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. चार महिने ती ते मधातून चाटत होती आणि गाठ सुपारीची लिंबाएवढी झाली होती.

मी औषधशास्त्र शिकवतो. खनिजातून कॅन्सरचं औषध निघतच नाही, असं मला तिला सांगता येईना, कारण ते खोटं आहे. आयुर्वेदात धातू-खनिजांची औषधं सांगणारं रसशास्त्र आहे, त्यातला सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, घ्या. १९७०च्या दशकात चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी सोमल, पारा आणि भेकाचं विष असलेलं एक गावठी औषध तपासलं. एकेक घटक वेगळा केला, तेव्हा गुण सोमलाचा निघाला. तोही मुख्यतः एकाच प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर, ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर. त्या पेशींत दोन जनुकं चुकीची जोडली जाऊन एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं. सोमल नेमका त्यालाच चिकटतो आणि पेशी ते प्रथिन मोडून टाकते. २००० साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

पण मात्रा बघा. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ९ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाच्याही कितीतरी कमी. तेही शुद्ध करून, शिरेतून, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासत. सोमलातलं हेच आर्सेनिक पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर करतो.

'प्रयोगशाळेत पेशी मेल्या' ही बातमी ऐकून हुरळून जाऊ नका. काचेच्या बशीतल्या पेशी तर खारट पाण्यानंही मरतात. त्यानंतर प्राण्यांवर चाचणी, मग मोजक्या रुग्णांवर सुरक्षित मात्रा, मग जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे आणि चालू उपचारांशी तुलना करायची. बहुतेक पदार्थ या वाटेवरच गळतात.

मावशीची शस्त्रक्रिया झाली. आता दर तीन आठवड्यांनी ती एसटीनं केमोला येते. पहिल्या खेपेला डॉक्टरांसमोर पुडी काढायला लाजत होती. मीच ती टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आधी तिच्या मूत्रपिंडाची आणि रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली. तुमच्याही घरात अशी पुडी असेल, तर ती सोबत घेऊन जा.