टकाचोराची बाजू
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टकाचोर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. आपल्या नागपुरात महाराजबागेत, सेमिनरी हिल्सला, अंबाझरीच्या काठाला, कॉलनीतल्या कडुलिंबावरसुद्धा. तांबूस अंग, काळपट डोकं, पंखावर फिकट राखाडी पट्टा आणि अंगाहून लांब शेपटी. युरोपातल्या मॅगपाय या काळ्या-पांढऱ्या पाखराचा हा भाऊबंद. दोघंही कावळ्याच्या कुळातले. दोघांवरही चोरीचा आळ आहे. तो आळ खोटा आहे, हे सांगायला मी आलो आहे.

विषय आहाराचा जाहीर झालाय, त्यावर येतोच. पण आधी एक गोष्ट बोलू द्या, फार दिवस मनात साचली आहे.

आमच्या भागात दरवर्षी पावसाळ्याआधी झाडांची छाटणी होते. फांद्या तारांना लागतात, वादळात कोसळतात, ती व्हायलाच हवी. पण होते कधी? ऐन मे महिन्यात! टकाचोराची वीण मुख्यतः एप्रिल ते जून. काटक्यांचं उथळ घरटं, आत बारीक मुळ्यांचं अस्तर, आणि पिलांना भरवायला नर-मादी दोघंही. असं एक घरटं समोरच्या कडुलिंबावर होतं. मी कामगारांना विनवलं, ते बिचारे थांबलेही. तेवढ्यात शेजारचे एक काका बाहेर आले. "कायले थांबून राहिले जी? चोर पाखरू हाय ते. चिमण्यांची अंडी खाते. पाडा!" फांदी खाली आली. पिलांचे डोळेही उघडले नव्हते. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात नर-मादी संध्याकाळपर्यंत ओरडत फिरत होती.

याच काकांच्या गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचं मातीचं भांडं असतं, रोज भरलेलं. माणूस मायाळू आहे. एवढ्या मायाळू माणसाच्या हातून हे घडतं ते ऐकीव गोष्टींमुळे, म्हणून मला ते जास्त लागतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. आहार भरभर सांगतो.

वड, पिंपळ, उंबराची फळं. काटेसावर फुलली की तिचा मकरंद. किडे, अळ्या, पाली, सरडे, कधी मेलेलं जनावर. कवंडळ या रानवेलीचं फळ सस्तन प्राण्यांना विषारी, पण हा ते खातो. कोतवाल पक्ष्याबरोबर थव्यात फिरून किडे टिपतो, जंगलात सांबराच्या अंगावरच्या गोचिड्या वेचतो आणि उरलेलं अन्न लपवून ठेवतो. अंडी आणि पिलंही खातो, ते मी नाकारत नाही. पण कोकीळ, कावळा, साप, मांजर यांना सोडून आरोपी एवढा हाच का?

मॅगपायवरही हाच आरोप. ब्रिटनमध्ये मॅगपाय वाढले तशी गाणारी पाखरं घटली, असं लोक म्हणत. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि तसा पुरावा मिळाला नाही. चकचकीत वस्तू पळवण्याचं म्हणाल, तर एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये रानातल्या मॅगपायसमोर दाण्यांशेजारी चकचकीत स्क्रू आणि चंदेरी कागदाचे तुकडे ठेवले. पक्षी उलट बिचकले. खाणंही कमी केलं.

लढाख-काश्मीरकडच्या मॅगपायचं राहिलंच, ते पुढच्या वेळी.

आता शेवटची विनंती. छाटणीचा अर्ज देताना तारीख पावसाळा संपल्यानंतरची मागा. तारांचा धोका असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी झाडाखाली थोडा वेळ उभे राहा. टकाचोर पिलांसाठी चारा घेऊन पुन्हा पुन्हा एकाच फांदीकडे जाताना दिसला, तर तेवढी फांदी सोडून बाकीची छाटा.