खाणीनंतरचं रान

(साताऱ्यातल्या निसर्गप्रेमी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

२०१२ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला, युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक भरली होती. १ जुलैला तिथे पश्चिम घाटातल्या ३९ जागा वारसा यादीत गेल्या. त्यात आपलं कास आलं, कोयना आलं, चांदोली आलं. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याच बैठकीत, आदल्याच दिवशी, उत्तर फ्रान्समधला कोळशाच्या खाणींचा एक पट्टाही यादीत गेला. एकीकडे खाणीपासून वाचवायचं पठार आणि दुसरीकडे खाणीनेच घडवलेला मुलूख! आज बोलायचंय ते या दुसऱ्याबद्दल. पण बोलता बोलता मी कासला येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

या पट्ट्याचं नाव नोर-पा-द-काले. १७२० साली तिथे कोळसा लागला आणि १९९० च्या डिसेंबरात वाञी गावची शेवटची खाण बंद झाली. म्हणजे दोनशे सत्तर वर्षं माणसं जमिनीखाली उतरत होती. १० मार्च १९०६ ला कुरिएरच्या खाणीत स्फोट झाला, त्यात १०९९ माणसं गेली. त्या रानात हिंडताना हा आकडा विसरून चालत नाही.

मुलूख तसा सपाट, आपल्या कृष्णाकाठासारखा. क्षितिजावर डोंगर दिसतात ते सगळे माणसाने केलेले. कोळशाबरोबर वर आलेला निरुपयोगी दगड शतकभर ओतत गेल्याने झालेले हे ढीग. तिकडे त्यांना ‘तेरी’ म्हणतात. काहींची उंची १४० मीटरच्या वर आहे. आपल्याकडे डोंगर फोडून सपाटी होते, तिकडे सपाटीवर डोंगर झाले.

या तेरीचा दगड काळा, उन्हात सडकून तापणारा. काही ढिगांच्या पोटात उरलासुरला कोळसा अजून धुमसतो आणि वरची जमीन हिवाळ्यातही कोमट राहते. त्यामुळे एरवी डोंगरातल्या दगडगोट्यांत वाढणारी, चुक्याच्या जातीची एक वनस्पती या सपाट, थंड मुलखात येऊन स्थिरावली. निळ्या पंखांचा एक नाकतोडा उघड्या, तापल्या जमिनीवर राहतो, तोही आला. मग भूर्जाची रोपं उगवली; ती कुणी लावली नव्हती, बी वाऱ्याने आलं. अय्यीकूर नावाच्या गावात तर एका तेरीच्या उतारावर २०११ मध्ये द्राक्षवेल लावले. तासगावकडचे कोणी इथे बसले असतील तर त्यांना सांगतो, वाइन होते त्याची.

सगळ्यात मजेदार तिथला एक छोटा बेडूक. पावसाचं पाणी साचलेल्या उथळ, उघड्या डबक्यात तो अंडी घालतो. मोठं, जुनं, वनस्पतींनी भरलेलं तळं त्याला नको, कारण त्यात त्याची पिल्लं खाणारे फार. खाणीची पडीक जमीन त्याच्या पथ्यावर पडली. आता अडचण अशी, की त्या जमिनीवर झाडी दाटली तर हा बेडूक जाणार, नाकतोडाही जाणार. म्हणून काही तेरींवर मुद्दाम रोपं काढतात, शेळ्यामेंढ्या चरायला सोडतात. निसर्ग सांभाळण्यासाठी झाडं तोडणारी माणसं! आपल्याकडे वनमहोत्सवात हे बोललो तर स्टेजवरून उतरवतील.

आता पाणी. खालचा कोळसा काढल्यावर वरची जमीन खचली, काही ठिकाणी कित्येक मीटर. रेम गावच्या जंगलात अशीच जमीन खचून तळी झाली, पुढे ती एकमेकांत मिसळली. मार-आ-गोरियो म्हणतात त्याला. आज तिथे शेंडीवाले डुबकी पक्षी पोहतात, बाजूला तेरी आहे, मागे जंगल. फोटो बघणाऱ्याला वाटेल, सृष्टीने आपोआप सगळं सावरलं.

सावरलेलं नाही. जमीन खचल्यामुळे तिथल्या ओढ्या-नाल्यांचा उतारच बिघडला. पाणी आपणहून वाहून जाईना. म्हणून पंप बसवले आणि ते कायम चालवावे लागतात. थांबवले तर वस्त्या पाण्यात जातील. खाण बंद होऊन तीसहून जास्त वर्षं झाली, तरी तिचं बिल येतंच आहे, आणि ते सरकारी तिजोरीतून भरलं जातं. त्या तळ्याच्या काठावर उभं राहून मला जे कळलं ते एवढंच.

हे इथे कशाला सांगतोय? कारण अलीकडे एक युक्तिवाद ऐकू येतो. खाणीनंतर बघा किती छान हिरवाई येते, परदेशात तर पर्यटन चालतं, मग सड्यावरचं बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, काढायला हरकत कशाला? कोल्हापूर जिल्ह्यात असे सडे फोडले गेलेत. म्हणून आधी सडा, म्हणजे आपल्या काससारखं उघडं खडकाळ पठार, काय असतो ते नीट बघू. बेसाल्ट ऊनपावसात लाखो वर्षं कुजून जांभा झाला. त्याच्या कठीण पापुद्र्यावर माती भाकरीच्या जाडीची, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात तिथे बोटभर पाणी साचतं आणि त्या बोटभर पाण्यावर सगळं चालतं. सीतेची आसवं, गेंद ही फुलं, किडे पकडणारा दवबिंदू, आणि ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे तो वायतुरा. बॉक्साइट याच जांभ्याच्या थरात असतं. ते काढायचं म्हणजे पापुद्रा फोडायचा. नंतर खड्ड्यात माती भरून झाडं लावली तर हिरवं दिसेल, कदाचित दाट जंगलही होईल. पण पाणी खाली मुरून जाणार, आणि वायतुऱ्याला जंगल नकोय. फ्रान्समध्ये जे आलं ते नवं आलं. खाणीआधीचं शेत, कुरण, ओढा परतला नाही. आमच्याकडे परतायला हवं ते नेमकं जुनं आहे.

आपल्याकडे मात्र फुटून संपलेल्या जागा भरपूर आहेत. पुणे-बंगळूर महामार्गाला खडी लागली, घरांना डबर लागला, गावोगावच्या दगडखाणी खोल झाल्या आणि मग सोडून दिल्या. त्यांत पाणी साठलंय. तिथे आधी जाऊन बघा, मग त्यांचं काय करायचं ते ठरवा. कड्याच्या खोबणीत शृंगी घुबड असू शकतं. उभ्या भिंतीला पाकोळ्यांची मातीची घरटी असतात, मुरमाच्या दरडीत वेड्या राघूची बिळं. राडारोडा टाकून खड्डा बुजवला किंवा काठाला सिमेंटचे बाक अन् रंगीत दिवे लावून ‘सुशोभीकरण’ केलं, की हे सगळं उठून जातं. डासांसाठी गप्पी सोडायचे असतील तर वस्तीजवळच्या डबक्यात सोडा, रानातल्या खाणीत नको. तिथे बेडकांची अंडी असतात.

जाताना दोन गोष्टी पाळा. खाण चालू असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका, सुरुंगाची वेळ तोच सांगू शकतो. आणि पाण्यात उतरू नका, कितीही पोहता येत असलं तरी. दगड उभा कापलेला असतो, काठाला पाय टेकायला जागा नसते, शेवाळाने हात निसटतो. दुर्बीण असेल तर समोरच्या काठावर बसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी आठच्या आत, सूर्य पाठीशी ठेवून बसलात, तर ऊन पाण्यावरून उलटून डोळ्यांवर येत नाही आणि कड्याची भिंत स्पष्ट दिसते. घुबडाची पिल्लं असतील तर मात्र लांबूनच बघा, आणि त्या खाणीचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.