एकाच रंगाच्या दोन गाड्या

मित्रहो, आजचा विषय आहे फॉर्म्युला वन शर्यतींत एकाच संघातल्या दोन गाड्यांची टक्कर. ३० मे २०१० च्या इस्तंबूलच्या शर्यतीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यावरून अजूनही भांडणं होतात. चाळिसावा लॅप, म्हणजे ट्रॅकची चाळिसावी फेरी, चालू होता. पुढे मार्क वेबर, त्याच्या मागे सेबॅस्टियन व्हेटेल, दोघेही रेड बुल संघाचे. आणि त्यांना चिकटून मॅक्लॅरेन संघाचा लुईस हॅमिल्टन. बाराव्या वळणाकडे जाणाऱ्या लांब सरळ पट्ट्यावर व्हेटेल डावीकडून, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूने घुसला. वेबरने त्याला जागा ठेवली, पण मोजकीच. व्हेटेल जवळजवळ गाडीभर पुढे गेला आणि मग उजवीकडे सरकला. त्याचं मागचं उजवं चाक वेबरच्या गाडीला लागलं, टायर गेला आणि गाडी गरगरत बाहेर. उतरल्यावर त्याने कानाजवळ बोट फिरवून ‘डोकं फिरलंय याचं’ अशी जी खूण केली, ती इथल्या बहुतेकांनी पाहिलेली असेल. रेड बुलच्या हातातला पहिला-दुसरा नंबर मॅक्लॅरेनला आयता मिळाला. हॅमिल्टन जिंकला, त्याचा सहकारी जेन्सन बटन दुसरा. वेबर गाडीचं नाक बदलून कसाबसा तिसरा आला. ४३ गुणांऐवजी संघाच्या पदरात पडले १५.

चूक कोणाची? व्हेटेलची. वेबर आपल्या रेषेत होता, सरकला तो व्हेटेल. पण एवढ्यावर वाद संपत असता तर मी आज इथे उभा नसतो.

व्हेटेलचे चाहते रिप्ले कुठे थांबवतात ते बघा. त्याच्या गाडीचं नाक वेबरच्या पुढे गेलेलं आहे, त्या क्षणी. ‘पुढे गेला होता ना, मग वळण त्याचं!’ वेबरचे चाहते अर्ध्या सेकंदाने पुढे जाऊन थांबवतात, जिथे व्हेटेलचं स्टिअरिंग उजवीकडे वळलेलं दिसतं. दोन्ही चित्रं खरी आहेत. आधी माणूस ठरतो, मग त्याला सोयीची फ्रेम शोधली जाते. आणि हे मी इतरांबद्दलच बोलतोय असं समजू नका. वेबर मला पहिल्यापासून आवडायचा.

या दोन्ही चित्रांत एक गोष्ट मात्र दिसत नाही. व्हेटेल नेमका त्याच लॅपला का घुसला? २०१० पासून शर्यतीच्या मध्ये इंधन भरायला बंदी आली. म्हणजे सुरुवातीला टाकीत जे भरलं त्यावरच शेवटपर्यंत जायचं. वेबरला इंधन वाचवण्यासाठी इंजिन थोडं मंद करावं लागलं होतं. व्हेटेल त्याच्या मागून, त्याने फाडलेल्या हवेतून येत होता, त्यामुळे त्याचं इंधन थोडं शिल्लक होतं आणि पूर्ण ताकदीने धावायला त्याला जरा जास्त वेळ मिळत होता. मागून हॅमिल्टन रेटतोय, पुढे आपलाच माणूस मंदावलाय. दोन्ही गाड्यांचे आकडे पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी बसून शर्यत चालवणाऱ्या संघाच्या माणसांच्या समोर होते. रस्त्यावरची चूक व्हेटेलची, हे मी म्हटलंच. पण एक गाडी मंद आणि दुसरी तेज अशी एकामागोमाग पळत असताना नीट निरोप कोणी द्यायचा, याचं उत्तर पिट वॉलनेच द्यायला हवं होतं. शर्यतीनंतर संघाचे सल्लागार हेल्मुट मार्को यांनी उलट वेबरकडेच बोट दाखवलं. झालं! वळणावरचा वाद तिथेच राहिला आणि ‘संघाचा लाडका कोण’ हा वाद सुरू झाला. तो पुढे कित्येक वर्षं संपला नाही.

एकाच संघातल्या दोघांची टक्कर इतकी का झोंबते? कारण गाडीचं निमित्त उरत नाही. फेरारीवाला मर्सिडीजवाल्याकडून हरला तर म्हणता येतं, त्यांचं इंजिनच भारी आहे. सहकाऱ्याकडून हरलात तर तोंड लपवायला जागा नसते. ड्रायव्हरची पहिली तुलना त्याच्याशीच होते आणि पुढचा करारही बराचसा त्यावरच ठरतो. त्यामुळे अशा टकरीनंतर चाहते वळणाबद्दल बोलत आहेत असं वाटतं खरं, पण बोलणं चालू असतं माणसाच्या लायकीबद्दल. स्टीवर्ड्सचं, म्हणजे शर्यतीच्या पंचांचं, काम त्यामानाने फार अरुंद असतं. एकच ड्रायव्हर पूर्णपणे किंवा प्रामुख्याने दोषी आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं. नसेल, तर तो ‘रेसिंग इन्सिडेंट’, म्हणजे शर्यतीत घडणारा अपघात, कोणालाच शिक्षा नाही. चाहत्याला हे उत्तर म्हणजे पळवाट वाटते.

बार्सिलोना, २०१६ घ्या. पहिलाच लॅप. मर्सिडीजच्या निको रोझबर्गची गाडी चुकीच्या इंजिन मोडमध्ये होती. मागून येणाऱ्या हॅमिल्टनकडे, जो तोवर मर्सिडीजमध्ये त्याचा सहकारी होता, त्या क्षणी सुमारे १८० हॉर्सपॉवर जास्त होती. उजवीकडे फट दिसली, तो घुसला. रोझबर्गने फट बंद केली. हॅमिल्टन गवतावर गेला आणि दोघेही बाहेर. स्टीवर्ड्सनी कोणालाच शिक्षा केली नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. त्या दिवशी रेड बुलकडून पहिल्यांदाच उतरलेला १८ वर्षांचा मॅक्स व्हर्स्टापेन जिंकला.

‘जो मागे असतो तो दोषी’ हा नियमही चाहत्यांनी स्वतःच करून टाकलाय. २०१८ च्या बाकूच्या शर्यतीत रेड बुलचाच डॅनियल रिकार्डो मागून येऊन व्हर्स्टापेनवर आदळला, दोघेही बाद. पण पुढचा व्हर्स्टापेन बचावात जागा बदलत होता आणि मागच्याने ब्रेक लावायला उशीर केला होता. ताकीद दोघांनाही मिळाली.

याच्या अगदी उलट उदाहरण २०२५ च्या माँट्रियलचं. शेवटून चौथ्या लॅपला मॅक्लॅरेनचा लँडो नॉरिस पिटच्या भिंतीलगत, जागा नव्हती तिथे शिरला आणि सहकारी ऑस्कर पियास्त्रीच्या मागच्या चाकावर आदळला. रेडिओवर त्याने लगेच स्वतःचा दोष मान्य केला. वादाला खाद्यच उरलं नाही! दोन दिवसांत लोक दुसऱ्या विषयाकडे वळले.

संघ यातून काय करतो? फोर्स इंडिया या संघाने २०१७ मध्ये केलं ते बघा. त्यांचे सर्जिओ पेरेझ आणि एस्तेबान ओकॉन बाकूला भिडले आणि हाती येऊ शकणारं पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतलं स्थान, गेलं. मग बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर एकाच शर्यतीत दोनदा भिडले. त्यानंतर व्यवस्थापनाने जाहीर केलं, यापुढे संघाचे आदेश पाळायचे. चाहते चिडले, मोकळी झुंज मारली म्हणाले. पण मर्यादित पैशांवर चालणाऱ्या संघाला एकेक गुण किती महाग असतो, आणि वर्षअखेरचा त्यांचा चौथा क्रमांक कशावर उभा होता, याचा हिशोब ओरडणाऱ्यांनी केला नव्हता.

जपानमधलं सुझुका, १९८९ राहिलं, आणि त्याबद्दल विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. मॅक्लॅरेनच्या आयर्टन सेन्नाला सहकारी अॅलन प्रॉस्टशी चाललेल्या विजेतेपदाच्या झुंजीत टिकायचं तर ती शर्यत जिंकणं भाग होतं. प्रॉस्टने आधीच सांगून ठेवलं होतं, या वेळी मी दार उघडं ठेवणार नाही. त्रेपन्नपैकी सत्तेचाळिसाव्या लॅपला, शिकेनच्या, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या लागोपाठच्या वळणांच्या, तोंडाशी सेन्ना उजवीकडून आत शिरला. प्रॉस्ट वळला, दोन्ही मॅक्लॅरेन एकमेकांत अडकून थांबल्या. प्रॉस्ट उतरला. सेन्नाला मार्शल्सनी, म्हणजे ट्रॅकवरच्या मदतनिसांनी, ढकलून दिलं, तो बाजूच्या रस्त्याने परत आला, नाक बदललं, बेनेटन संघाच्या नानिनीला मागे टाकलं, जिंकला आणि बाद ठरला. बाद ठरला तो टकरीसाठी नव्हे, शिकेन टाळून परत आला म्हणून. मॅक्लॅरेनने अपील केलं, तेही आपल्याच दुसऱ्या ड्रायव्हरच्या विजेतेपदाच्या विरोधात! ते फेटाळलं गेलं आणि सेन्नावर १ लाख डॉलरचा दंड आणि सहा महिन्यांची स्थगित बंदी आली.

माझं मत विचाराल तर वरून घेतलेल्या चित्रणात प्रॉस्ट लवकर वळलेला दिसतो, आणि टकरीचा मोठा वाटा मी त्याच्याकडे देतो. सेन्नाने लावलेला डाव धाडसी होता, पण जागा अगदीच नव्हती असं नाही. पुढच्या वर्षी दोघे सुझुकातच, पहिल्याच वळणावर पुन्हा भिडले. पण तेव्हा प्रॉस्ट फेरारीत गेला होता, त्यामुळे ती टक्कर आजच्या विषयात बसत नाही.