आपलं कुपवाड जगाला माहीत आहे

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'भाषा समाजात कशी वापरली जाते आणि ती कशी अभ्यासायची'. त्यावर मी येणारच आहे, पण सांगलीत उभं राहून हा विषय काढायचा आणि कुपवाडचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्याच्यानं होणार नाही. आपल्याला कुपवाड म्हणजे एमआयडीसी, शिफ्ट सुटल्यावरचं ट्रॅफिक आणि महापालिकेच्या नावातलं तिसरं गाव. तिकडं जगभरच्या विद्यापीठांत दोन भाषा शेजारी राहिल्या की काय होतं हे शिकवताना आपलंच कुपवाड काढतात. किती जणांना माहीत होतं? हात वर करा बरं. पुढचे दोघं-तिघं, आणि ते भाषाशास्त्राचे विद्यार्थी दिसतायत, म्हणजे ते धरायचे नाहीत.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन भाषा-अभ्यासकांचा कुपवाडवरचा लेख 1971 साली छापून आला. तेव्हा कुपवाड तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी, दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. आणि हे कालपरवा आलेले लोक नव्हते हो, पिढ्यानपिढ्या एकाच शिवारात राबणारे, एकमेकांकडं कामाला जाणारे. गडी माणसं तर बहुतेक दोन-तीन भाषा सहज बोलणारी.

आता गंमत ऐका. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो'. तिथली उर्दू, 'पाला जरा काट के ले के आया'. कन्नडमध्ये शब्द वेगळे, पण 'पाला'च्या जागी पाला, 'कापून'च्या जागी कापून, 'घेऊन'च्या जागी घेऊन, शब्दावर शब्द ठेवत जा, वाक्य तंतोतंत बसतं! प्रमाण कन्नडमध्ये 'हे तुमचं घर' एवढ्यावर वाक्य पुरं होतं, पण कुपवाडच्या कन्नडला शेवटी 'आहे' लागायला लागलं, आपल्या मराठीसारखं. आणि उर्दूत 'नदी आई', म्हणजे नदी आली, म्हणायचं तिथं कुपवाडची उर्दू बोलणारी माणसं म्हणतात 'नदी आया', कारण कन्नडमध्ये बाई-पुरुष हा भेद माणसांपुरता, नदीला कोण विचारतो. म्हणजे देणंघेणं एकाच दिशेनं नाही, सगळ्यांनी सगळ्यांकडून घेतलं. व्याकरण जवळजवळ एक झालं, शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. का राहिले? कारण घरात आणि आपल्या माणसांत आपलीच भाषा बोलायची हा रिवाज कुणी सोडला नाही. मग चावडीवर, चार जातींची माणसं जमली की काय? तिथं मराठी, कारण गावात वजन असलेल्या घरांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती, म्हणून ती कुणाला टोचत नव्हती. मला हे फार मोठं वाटतं, मंडळी. कुठल्या समितीनं ठरवलेलं नाही हे, शेतात आणि चावडीवर माणसांनी आपणहून लावलेली व्यवस्था आहे.

आणि आता मनातलं बोलतो, कारण हे बरेच दिवस साठलंय. आपल्याच भागातल्या एका वक्तृत्व स्पर्धेला मी बसलो होतो. सीमेकडच्या गावातली आठवी-नववीतली एक पोरगी, पाण्यावर बोलली, इतकं मुद्देसूद की हॉल गप्प झाला. बोलता बोलता 'आमी तिकडं गेल्तो' म्हणाली. परीक्षकांनी माईकवरून, सगळ्यांसमोर सांगितलं, मुद्दे चांगले पण भाषा अशुद्ध, म्हणून नंबर गेला. पोरीचा चेहरा मी पाहिला. ही पोरगी घरात कन्नड बोलते, शाळेत मराठी, दुकानात हिंदी, आणि कुणाशी काय बोलायचं हे तिला क्षणात कळतं. मला राग त्या एका माणसाचा नाही, आपण सगळेच असं ऐकतो याचा आहे. ऐकायच्या आधीच आपण लाल पेन काढतो आणि मग समोरचा माणूस बोलायचाच बंद होतो, म्हणजे अभ्यासाला काही उरतच नाही.

हां, चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तर मुख्य विषय आता पळत सांगतो, माफ करा.

एक, व्याकरण येणं म्हणजे भाषा येणं नव्हे. डेल हाइम्स या अमेरिकन भाषा-अभ्यासकानं हे 1960च्या दशकात ठासून मांडलं. कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, कुणाला अगं आणि कुणाला अहो, हेही भाषेचं ज्ञानच, आणि तेही नोंदवायचं असतं.

दोन, लोकांना 'तुम्ही काय बोलता' विचारून थांबायचं नाही. कुपवाडवर लिहिणाऱ्या गम्पर्झ यांनीच ब्लोम या नॉर्वेच्या अभ्यासकाबरोबर तिथल्या हेम्नेसबर्गेट गावात काम केलं, ते 1972 साली छापलं. शिकायला बाहेर गेलेली मुलं म्हणायची आम्ही आपसात फक्त बोलीच बोलतो, आणि टेपवर मधेमधे प्रमाण भाषा. ती खोटं बोलत नव्हती, आपण स्वतःला बोलताना ऐकतच नाही. म्हणून रेकॉर्डिंग करायचं, तेही विचारून, परवानगी घेऊन, आणि प्रत्येक वाक्यापुढं लिहायचं की कोण, कुणाशी, कुठं, आणखी कोण ऐकत होतं.

तीन, परत जायचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी पुढं कुपवाडला अभ्यासाला गेल्या. भाषावार राज्यं झाल्यावर शाळा, कचेरी, नोकरी सगळीकडं मराठीचं वजन वाढलं, त्यामुळं जुना तोल तसाच राहिलेला नाही. म्हणजे चावडीवर जी मराठी कुणाला टोचत नव्हती ती आता सत्तेची भाषा झाली, यावर वेगळं व्याख्यान लागेल.

ज्या पोरापोरींना खरंच हे करायचंय त्यांनी खाली जिन्यापाशी थांबा. मिरजेच्या बाजारापासून सुरुवात करू, फोन चार्ज करून आणा, आणि ज्यांच्या घरी कन्नड किंवा उर्दू बोलतात त्यांनी आधी आजीला विचारा की अर्धा तास रेकॉर्ड केलं तर चालेल का.